एकाच कोपऱ्यातून पुन्हा पुन्हा तडकणारी समोरची काच

समोरची काच एकदा बदलून झाली की तो विषय मिटला असे समजून आपण गाडी घरी आणतो, आणि दीड-दोन वर्षांनी एखाद्या दिवशी, दगड लागलेला नसताना आणि कोणी हातही लावलेला नसताना, त्याच काचेवर वीतभर तडा उमटलेला दिसतो. माझ्या १९९२ सालच्या माझदा एमएक्स-५ या दोन आसनी, कापडी छपराच्या मोटारीबाबत हे दोनदा घडले. त्याआधीची एक काच खरोखरच दगडाने गेली होती, म्हणजे एकूण तीन काचा गेल्या. चौथी बसवण्यापूर्वी मात्र आम्ही कारण शोधायचे ठरवले, ते सापडले, आणि त्यानंतर सोलापूरचे तीन उन्हाळे ही काच शाबूत आहे. जुनी गाडी हौसेने सांभाळणाऱ्या ज्या कोणाला हाच त्रास होत असेल, त्याने नवीन काचेची मागणी नोंदवण्याआधी पुढचा मजकूर वाचावा, म्हणजे निदान एका काचेचे पैसे वाचतील.

ही गाडी भारतात कधीच अधिकृतपणे विकली गेली नाही. आपल्याकडे माझदा हे नाव परिचित आहे ते स्वराज माझदाच्या मिनीबस आणि टेम्पोंमुळे. १९८९ ते १९९७ या काळात बनलेल्या पहिल्या पिढीतील ही गाडी बाहेरून आलेली, आणि माझ्याकडे येईपर्यंत दोन मालकांच्या हातून गेलेली आहे. तिची समोरची काच जुन्या फियाट किंवा अॅम्बेसेडरसारखी रबराच्या खाचेत बसवलेली नसते, तर चौकटीच्या पत्र्यावर चिकट द्रव्याने चिकटवलेली असते. काचवाले तिला ‘पेस्टिंगची काच’ म्हणतात. कडेला दिसणारे रबर केवळ फट झाकण्यासाठी असते, काच धरून ठेवण्याचे काम ते करत नाही. हा फरक आधी सांगण्याचे कारण असे की रबराच्या काचेला जे उपाय लागू पडतात, त्यांतील बरेचसे या काचेला लागू पडत नाहीत, आणि आमच्या पहिल्या दोन चुका याच घोटाळ्यातून झाल्या.

तडा कुठून निघाला, ते आधी पाहावे

समोरची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे काचेच्या दोन थरांमध्ये सुमारे पाऊण मिलिमीटर जाडीचा पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा असतो. त्यामुळे ती फुटली तरी खाली पडत नाही, आणि तपास करणाऱ्याच्या दृष्टीने हे मोठे सोयीचे आहे, कारण पुरावा जागेवरच राहतो. तडा दगडाने गेला असेल तर त्याच्या मार्गात कुठे तरी टवका उडालेला असतो. काचेवरून नख फिरवले की बारीक खड्डा लागतो आणि त्याभोवती चांदणीसारख्या किंवा अर्धचंद्रासारख्या रेषा दिसतात. ताणामुळे गेलेला तडा मात्र काचेच्या अगदी कडेपासून निघतो, सुरुवातीला कडेशी जवळजवळ काटकोन करतो आणि मग वळण घेत मध्याकडे सरकतो. कडेची रबरी पट्टी अलगद उचलून पाहिल्याशिवाय ही सुरुवात दिसत नाही.

दुसरी परीक्षा याहूनही सोपी आहे. तड्यावरून एकदा बाहेरून आणि एकदा आतून नख फिरवावे. बाहेरून अडकते आणि आतून अडकत नाही, तर बाहेरचा थर फुटलेला आहे. याच्या उलट असेल, तर दगडाला दोष देण्यात अर्थ नाही. माझ्या तिसऱ्या काचेचा फक्त आतला थर तडकलेला होता.

माझ्याकडील तीन तड्यांचा हिशेब असा. पहिली काच २०१९ च्या जानेवारीत पुणे-सोलापूर महामार्गावर मोहोळच्या अलीकडे गेली. गाळपाचा हंगाम होता, पुढे उसाची ट्रॉली होती, आणि तिच्या चाकाखालून उडालेला खडा काचेच्या मधोमध लागला. त्यात संशयाला जागा नव्हती. दुसरी काच २०२१ च्या एप्रिलमध्ये होटगी रोडला भर दुपारी उभ्या गाडीत एसी सुरू केल्यावर पाच मिनिटांत तडकली, तेव्हा आम्ही तो उन्हाचा प्रताप मानला. तिसरी २०२२ च्या डिसेंबरमध्ये पहाटे, घरासमोर उभ्या असलेल्या गाडीत तडकली, तेव्हा ऊन नव्हते, एसी नव्हता आणि दगडही नव्हता. दुसरा आणि तिसरा तडा दोन्ही डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यातून, एकमेकांपासून चार बोटांच्या आत निघाले होते.

माझा व्यवसाय टॉवेलच्या लूमचा आहे. आमच्याकडे ताण्याचा धागा पुन्हा पुन्हा एकाच जागी तुटू लागला, तर कारागीर सुताला दोष देत नाही. तो फणीचे, म्हणजे ताण्याचे धागे ज्यातून ओवलेले असतात त्या पात्यांच्या चौकटीचे, ते घर तपासतो, कारण तिथे पातीला कुठे तरी धार किंवा वाक आलेला असतो. हे रोज डोळ्यांसमोर असूनही काचेच्या बाबतीत मी दोन वेळा सुतालाच दोष दिला, म्हणजे ‘माल हलका निघाला’ असे म्हणून नवी काच मागवली.

पाणी गळत असेल तर तोही त्याच दुखण्याचा भाग असू शकतो

तिसरी काच तडकण्यापूर्वी, त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, परतीच्या पावसात डाव्या बाजूचे पायाखालचे मॅटिंग भिजू लागले होते. आम्ही छपराचे रबर बदलले, तरी ओल कायम राहिली. उघड्या छपराच्या गाडीत पाणी शिरण्याच्या वाटा पुष्कळ असतात. छपराची पुढची कड जिथे काचेच्या चौकटीवर बसते तो सांधा, दारांच्या काचांची रबरे, वायपरखालच्या जाळीतून पाणी वाहून नेणाऱ्या वाटा, आणि छपराचे पाणी दारामागून खाली नेणाऱ्या नळ्या, यांपैकी काहीही कारणीभूत असू शकते. नळ्यांत पाला आणि धूळ साचली की पाणी उलटे आत येते. म्हणून समोरच्या काचेवर आळ घेण्याआधी या वाटा मोकळ्या कराव्यात. त्यासाठी जाड नायलॉनची दोरी पुरते. लोखंडी सळई घालू नये, कारण नळी फाटली तर दुसरे काम वाढते.

त्यानंतरची तपासणी दोन माणसांनी करावी. एकाने आत हातातली बॅटरी (टॉर्च) घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून पाण्याची नळी धरावी. नळीला पिचकारी लावू नये, पाणी नुसते वाहू द्यावे, कारण जोराच्या फवाऱ्याने पाणी अशा ठिकाणी शिरते जिथे पावसात ते कधीच शिरत नाही. सुरुवात खालून करावी, एका जागी तीन-चार मिनिटे पाणी सोडावे आणि मग वीतभर वर सरकावे. वरून सुरुवात केली तर ओघळ खाली येतात आणि नेमकी फट कळत नाही. आतल्या बाजूने संशयित भागावर खडूची भुकटी लावून ठेवली तर पाण्याची पहिली रेघ लगेच उमटते. आमच्या बाबतीत ती काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातच उमटली, तड्यापासून चार बोटांवर.

काच काढल्यावर जे दिसले

तिसरी काच काढताना या वेळी मी स्वतः शेजारी उभा राहिलो. शाबूत चिकटवलेली काच काढायची असेल तर चिकट द्रव्याच्या थरातून पोलादी तार ओवतात, तिच्या दोन टोकांना लाकडी मुठी बांधतात, आणि एक जण आतून तर दुसरा बाहेरून करवतीसारखी तार ओढतो. हे कष्टाचे काम असते. आमच्या गाडीत वरच्या बाजूला तसेच झाले, पण खालच्या बाजूला तार लावायची गरजच पडली नाही. काचेच्या मिस्त्रींनी सुरीचे टोक घातले आणि पांढुरका पट्टा उसाच्या चोयट्यासारखा हाताने सोलून काढला. तो सिलिकॉन होता.

त्यांनी पट्टा नाकाजवळ नेला, मग माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, “मालक, शिर्क्याचा वास येतोय का बघा. ही न्हाणीघराची ट्यूब हाय, गाडीची न्हवं.” जुन्या पट्ट्याला तसा वास उरला होता की नाही हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण दुकानातून तशीच नवी ट्यूब आणून उघडली तेव्हा तो उग्र आंबट वास दारापर्यंत आला.

या वासातच सगळ्या प्रकरणाची किल्ली होती. स्वस्त सिलिकॉन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि ते उघड्या लोखंडाला खाते. पहिली काच काढणाऱ्या कारागिराने सुरीने जुना थर खरवडताना कोपऱ्यातला रंग पत्र्यापर्यंत ओरबाडला होता, त्यावर प्रायमर लावला नव्हता, आणि वर हे सिलिकॉन भरले होते. उघडा पत्रा, त्यावर आम्ल, आणि चौकटीचा सर्वांत सखल कोपरा असल्यामुळे तिथे थांबणारे पावसाचे पाणी, असे तीन योग जुळून आले. दुसऱ्या दुकानाने ती काच बदलताना त्याच गंजावर पुन्हा नवे द्रव्य सोडले. रंगाखाली गंज फुगून आला होता. नखाने टोकरल्यावर कडक भाकरीच्या पापुद्र्यासारखा करकर आवाज करत तो निघू लागला आणि खाली लालसर खड्डा दिसला. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, म्हणून तिथे पत्रा झिजलेला असूनही वरचा भाग उंचवटा झालेला होता. त्या उंचवट्यावर काच टेकलेली होती.

काच आणि पत्रा यांच्यामध्ये चिकट द्रव्याची गादी असावी लागते, ती केवळ पाणी अडवण्यासाठी नव्हे. पोलाद काचेपेक्षा उष्णतेने जास्त प्रसरण पावते. चौकट सव्वा मीटर रुंद धरली आणि सकाळच्या २० अंशांवरून दुपारी उन्हात पत्रा ६५ अंशांपर्यंत गेला असे धरले, तर दोहोंच्या वाढीत साधारण दीड ते पावणेदोन दशांश मिलिमीटरचा फरक पडतो. पाच-सहा मिलिमीटर जाडीची मऊ गादी हा फरक सहज गिळून टाकते. पण एका जागी गादीच नसेल आणि काचेची कड थेट लोखंडावर बसली असेल, तर तो सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो. त्यात छप्पर नसलेल्या गाडीचा सांगाडा खड्ड्यांतून जाताना बंद गाडीपेक्षा जास्त पीळ खातो, आणि हा पीळ काचेच्या चौकटीला सर्वांत जास्त जाणवतो. मग ऊन, एसीचा गार झोत किंवा पहाटेची थंडी हे शेवटचे निमित्त ठरते, मूळ कारण नव्हे.

गादीची जाडी मोजण्याची युक्ती

गंज काढायला सुरुवात करण्यापूर्वी काच नेमकी कुठे टेकते हे पाहण्यासाठी आम्ही एक घरगुती उपाय केला, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातील सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे. चौकटीवर पातळ प्लास्टिकची पट्टी टाकावी, तिच्यावर आठ-दहा ठिकाणी सारख्या आकाराचे मऊ गोळे ठेवावेत, आणि काच तिच्या अंतिम जागी अलगद बसवून कडेची पातळी बॉनेटशी आणि खांबांशी जुळेपर्यंतच दाबावी. मग काच उचलून प्रत्येक गोळा किती चपटा झाला ते मोजावे. आम्ही आधी कणकेचे गोळे घेतले, पण मिस्त्रींचा चहा होईपर्यंत ते वाळून तडकले. मग शेजारच्या दुकानातून मुलांच्या खेळण्यातील क्ले आणली. इतरत्र सहा-सात मिलिमीटर जाडी मिळाली आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात दीड मिलिमीटरही नाही. फुटलेली का होईना, जुनी काच या कामासाठी सांभाळून ठेवावी. नवी काच अशा चाचणीत चार वेळा उचल-ठेव करणे धोक्याचे असते. तिची अशी चाचणी शेवटी एकदाच घ्यावी.

चौकटीचे काम

हे काम काचवाल्याचे नव्हे, डेंटर-पेंटरचे आहे, आणि बहुतेक ठिकाणी गाडी या दोघांच्या मध्ये अडकते. काचवाला म्हणतो की गंज हे आपले काम नाही, आणि पेंटर म्हणतो की काच काढून आणा. एकाच छपराखाली दोघे मिळाले नाहीत, तर काच काढलेली गाडी ओढून न्यावी लागेल हे लक्षात ठेवून आधीच दिवस ठरवून घ्यावेत. आम्ही काचेच्या मिस्त्रींनाच अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील माझ्या कारखान्याच्या गोदामात बोलावले आणि पेंटरही तिथेच आणला.

सर्वप्रथम सिलिकॉनचा प्रत्येक अंश काढावा लागतो, कारण खऱ्या पेस्टिंगसाठी वापरले जाणारे युरेथेन सिलिकॉनच्या तेलकट थरावर धरत नाही. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावे, मग द्रावकाने पुसावे, प्रत्येक वेळी फडक्याची नवी घडी घ्यावी, आणि त्यानंतरच पॉलिश पेपरने घासावे. आधी घासले तर सिलिकॉन बारीक ओरखड्यांत भरले जाते आणि मग ते निघता निघत नाही. गंज उजळ लोखंड दिसेपर्यंत काढावा. आमच्या गाडीत कोपऱ्याजवळ दोन बोटे रुंदीचा पत्रा इतका झिजला होता की तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड करावा लागला. ग्राइंडरने वेल्ड सपाट केल्यावर लोखंडी पट्टी आडवी धरून पलीकडे बॅटरी लावली आणि फटीतून उजेड सारखा येतो का, ते पाहिले.

इथे पेंटरशी माझा थोडा वाद झाला. राहिलेले खड्डे लांबी (पुट्टी) भरून सपाट करू, असे त्याचे म्हणणे होते, आणि बाहेरच्या अंगाला त्यात काही गैर नाही. परंतु ज्या पट्ट्यावर काच चिकटणार आहे त्या पट्ट्यावर लांबी नको. ती ओल शोषते आणि पत्र्यापासून सुटू शकते, आणि ती सुटली तर तिच्यावर चिकटलेली काचही सुटली असे समजावे. म्हणून तिथे उजळ लोखंडावर दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर दोन हात दिला, तो पुरता वाळू दिला आणि बारीक खोलगट जागा तशाच राहू दिल्या. त्या युरेथेनची गादी भरून काढते. जिथे मूळ कारखान्यातील युरेथेनचा थर घट्ट होता, तो मात्र उखडला नाही. एक-दोन मिलिमीटर ठेवून तो धारदार पात्याने सपाट केला. नव्या युरेथेनला त्याच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही.

काच निवडताना

या भागात मी थोडक्यात सांगतो, कारण काच मुळात दोषी नव्हती. मागणी नोंदवताना सालावर भिस्त ठेवू नये, चॅसिस क्रमांक द्यावा. काच आल्यावर खोके उभेच ठेवावे, आडवे ठेवू नये, आणि वाहतूकदारासमोर उघडून चारही कडांवरून हातमोजा घातलेले बोट फिरवावे, कारण कडेचा मोहरीएवढा टवका पुढच्या तड्याचे बीज असतो. काचेच्या कडेने जो काळा पट्टा असतो तो शोभेचा नाही. युरेथेन उन्हाने झिजू नये म्हणून तो असतो. त्यामुळे नव्या काचेवरील पट्ट्याची रुंदी जुन्याशी ताडून पाहावी. कोपऱ्यातील छाप्यावर लॅमिनेटेड असल्याची आणि मानकाची खूण असावी. भारतातील वाहनांच्या सुरक्षा काचांचे मानक आयएस २५५३ चा दुसरा भाग हे आहे, आणि मोटार वाहन नियमांतील नियम १०० नुसार समोरची काच लॅमिनेटेड असणे आणि तिच्यातून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जाणे बंधनकारक आहे. सोलापूरचे ऊन पाहून गडद काचेचा मोह होतो, तो टाळावा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी तपासणीला न्यावीच लागते.

सोलापूरची हवा आणि युरेथेन

युरेथेन उन्हाने वाळत नाही, हवेतील ओलाव्याने पक्के होते. ही एक गोष्ट समजली नसल्यामुळे आपल्या भागात पुष्कळ कामे बिघडतात. ट्यूबवर गाडी किती तासांनी चालवावी याची जी वेळ छापलेली असते, ती सामान्यतः २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता धरून दिलेली असते. त्या परिस्थितीत थर दिवसाला साधारण तीन ते चार मिलिमीटर आतपर्यंत पक्का होतो. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात दुपारी पारा चाळिशीच्या वर असतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. अशा वेळी वरची साय काही मिनिटांत धरते, म्हणजे काच बसवायला वेळ कमी मिळतो, आणि आतला थर मात्र दोन-दोन दिवस ओला राहतो. वरून बोट लावून ‘सुकले की’ म्हणणारा कारागीर खोटे बोलत नसतो, त्याला फक्त साय लागलेली असते.

आम्ही २०२३ च्या फेब्रुवारीत, सकाळी आठच्या सुमारास, सावलीत काम केले. लूमच्या शेडमध्ये सूत तुटू नये म्हणून आम्ही जमिनीवर पाणी मारतो. तेच गोदामात केले आणि कडेला ओली पोती टांगली. गाडी प्रत्यक्ष शेडमध्ये नेण्याचा विचार मी सोडून दिला, कारण तिथे हवेत कापसाची तूस तरंगत असते आणि ती प्रायमरवर बसली असती. ट्यूबची मुदतही पाहून घेतली. दुकानाच्या पत्र्याखाली दोन उन्हाळे काढलेली ट्यूब मुदतीत असली तरी मी घेणार नाही. दाबल्यावर गाठी येत असतील तर ती सरळ बाजूला ठेवावी.

काचेच्या काळ्या पट्ट्यावर आणि चौकटीवर युरेथेनच्याच कंपनीचा प्रायमर लावून सांगितलेला वेळ थांबलो. नोझलला त्रिकोणी खाच कापून सुमारे १२ मिलिमीटर उंचीची सलग धार सोडली. ती कोपऱ्यात न तोडता खालच्या कडेच्या मध्यावर जोडली, कारण जोड हीच गळतीची पहिली जागा असते. खालच्या कडेला दोन रबरी ठोकळे ठेवले, ज्यांच्यावर काचेचे वजन बसते. मागच्या दोन्ही वेळी हे ठोकळे हरवले होते आणि कोणी त्यांची चौकशी केली नव्हती. सक्शन कपांनी काच धरून दोघांनी एकदाच, न सरकवता ठेवली आणि ठोकळ्यांची जाडी लागेपर्यंतच दाबली. डॅशबोर्डवर मी दोन जाड सोलापुरी टॉवेल अंथरले होते. एक काळा झाला, डॅशबोर्ड वाचला.

त्यानंतर मास्किंग टेपने काच चौकटीला बांधून गाडी दोन दिवस हलवली नाही. दारे आपटू नयेत म्हणून दारांच्या काचा उतरवून आणि छप्पर उघडे ठेवून दिले, कारण बंद गाडीत दार आपटले की आतल्या हवेचा दाब ओल्या गादीवर येतो. आठवडाभर धुतली नाही. आठव्या दिवशी नळी लावून पाण्याची परीक्षा पुन्हा घेतली, तेव्हा खडूची भुकटी कोरडी राहिली.

विम्याबद्दल एवढेच सांगतो की काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही, पण दावा केला की नो क्लेम बोनस जातो, आणि गंजाचे काम विम्यात बसत नाही. बोनस ५० टक्क्यांपर्यंत पोहोचला असेल तर काचेची किंमत आणि पुढच्या हप्त्यातील फरक कागदावर मांडून मगच दावा करावा.

या वर्षी जानेवारीत पुन्हा मोहोळजवळच, पुन्हा उसाच्या ट्रॉलीमागे, काचेच्या उजव्या बाजूला वर मसुराच्या डाळीएवढा टवका उडाला. तो कडेपासून दूर होता आणि चालकाच्या नजरेच्या रेषेत नव्हता, म्हणून दुसऱ्याच दिवशी त्यात रेझिन भरून घेतले. त्याच्या दोन्ही बाजूंना मी काचेवर मार्करने बारीक खुणा केल्या होत्या. मे महिना उलटून गेला तरी रेष त्या खुणांच्या आतच आहे.